पाहता न आलेल्या जागा

मे महिन्यात इथली माणसं संध्याकाळी दिवे मालवून बसतात.
उजेड दिसला की पंख फुटलेल्या वाळव्या
खिडक्यांवर येऊन आदळतात,
आणि सकाळी उंबऱ्यावर नुसते पंख,
केरसुणीनं भरावेत इतके.

मग माझा फोन वाजायला लागतो.

ही जात तैवानकडून आली म्हणतात,
युद्धावरून परतणाऱ्या जहाजांच्या खोक्यांतून.
आमचं कुटुंबही बोटीनंच आलं.
लुइझियानातले लोक यावर विनोद करतात.
मी हसतो. बिल थोडं वाढवतो.

बायू लफूर्शच्या काठी ओडील बर्जेरॉनचं घर.
विकायला काढलंय. बँकेला कागद हवा:
वाळवी आहे, किंवा नाही, खाली सही.
माझ्याकडे टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, ओल मोजायचं यंत्र
आणि बावन्न वर्षांचे गुडघे.

घराखाली दोन फूट जागा. पोटावर सरकत जायचं.
मांजराची हाडं, काचेची एक गोटी, विटांचे खांब.
खांबांवर मातीच्या नळ्या शोधायच्या, पेन्सिलीएवढ्या जाड;
त्यांतून त्या चढतात, उजेड चुकवत, ओल सांभाळत,
जमिनीपासून ताटापर्यंत.

जुनं घर सायप्रसचं, दलदलीतून तोडलेल्या.
नव्वद वर्षं झाली, पाच वादळं झाली,
त्या कडू लाकडाला कुणी तोंड लावलेलं नाही.
मागची खोली मात्र पाइनची.
सत्याऐंशी साली एमिलनं, तिच्या नवऱ्यानं,
रविवारचे रविवार खपून उभी केलेली, तिच्या पियानोसाठी.
पाइन म्हणजे यांना साखरभात.

मी ठोकत जातो. स्क्रूड्रायव्हरची मूठ, वीतभर अंतरानं.
ठक्.
ठक्.
स्वयंपाकघरातून आवाज येतो:
"अजून जरा डावीकडे, लाम."
ठप्.

चाळीस वर्षं ही बाई चर्चचे ऑर्गन सुरात लावत हिंडली,
थिबोडोपासून खाली समुद्रापर्यंत.
आता डोळे अधू, हात कापरे, कान मात्र तस्सेच.
दाराशी येते. बोटं भिंतीला टेकवते.
"हा खांब दोन वर्षांमागं गेला.
त्याच्या शेजारचा नाताळात.
ती चौकट अजून आहे, पण खर्जात उतरलीय."

मी टोक दाबलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला,
पिकल्या पपईत जावा तसा.
आत लाकूड नव्हतं, लाकडाच्या रेघा होत्या,
आणि बाहेर एमिलनं दिलेला पांढरा रंग
सगळं धरून उभा.

"मग आधी का नाही बोलावलंत?"

"रात्री डोकं आपटतात त्या, तुला तर ठाऊक असेल.
त्यांच्यातले सैनिक. धोका वाटला की.
मी पियानोचं झाकण मुद्दाम जोरात लावायची
आणि ऐकत बसायची, उत्तर येतं का.
या खोलीत उत्तर देणारं
दुसरं कोण उरलं होतं?"

मी फॉर्म काढला.
दिसलेला पुरावा. लिहिला.
नुकसान, अंदाजे. आकडा वाचून दाखवला,
तिनं मान हलवली, कोळंबीचा भाव ऐकल्यासारखी.
पाहता न आलेल्या जागा.
इथं मी नेहमी तेच लिहितो:
माळ्याचा कोपरा, टबाखालची फरशी.

पियानोमागची भिंत राहिली होती.

"सरकवू या? दोघांनी मिळून सरकेल."
ती उत्तर न देता स्टुलावर बसली.
सगळ्यात खालची पट्टी दाबली, दाबूनच धरली.
तो नाद भिंतीत शिरला, खालच्या मातीत गेला,
मग विरला.

आणि आतून, अगदी बारीक,
कुणी सुपात तांदूळ पाखडावेत तसं.

"हं," ती म्हणाली. "आता लिही."

ऐकलेल्याला फॉर्मवर रकाना नाही.
मी लिहिलं: पियानो हलवला नाही.
मालकीण तिथं बसली होती.